आजोबांचा चेहरा एका ठोकळ्यात

काशीला मणिकर्णिकेपासून गंगेच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघाले, की शिंदे घाट, संकठा घाट आणि गंगामहाल घाट मागे टाकून आपण भोसले घाटावर येतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकात उभारलेला हा घाट. पाण्यापासून वर चढत जाणाऱ्या पायऱ्या, त्यांच्या माथ्यावर दगडी वाड्याची भक्कम, उंच भिंत आणि त्या भिंतीत अगदी वरच्या अंगाला लहान लहान खिडक्या. वाटेतला शिंदे घाट आणि पुढचा हा भोसले घाट ही नावे कानांवर पडली, की काशीयात्रेला गेलेल्या मराठी माणसाला परक्या गावात आपल्या आळीत आल्यासारखे वाटते. मग साहजिकच तिथे एक छायाचित्र काढले जाते.

समजा, असेच एक छायाचित्र नागपूरच्या महाल भागातील एका घरी आहे. आजी-आजोबा काशीला गेले होते, तेव्हा मोबाइलवर काढलेले. आजोबा घाटाच्या पायरीवर उभे आहेत. डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी, मागे भोसल्यांचा वाडा. आजोबा आता नाहीत. घरातली बारा वर्षांची नात सुट्टीत संगणकावर 'माइनक्राफ्ट' खेळते. आजीच्या वाढदिवसाला हेच छायाचित्र खेळातल्या ठोकळ्यांनी बांधून दाखवायचे, असे ती ठरवते. दोन दिवस खपून चित्र पूर्ण होते आणि ती आजीला खुर्चीवर आणून बसवते.

''आजी, ओळख बघू!''

आजी चष्मा सारखा करते. ''घाट आहे गं. पण तुझे आजोबा कुठे गेले?''

आजोबा तिथेच आहेत. मात्र त्यांचा चेहरा एकाच ठोकळ्यात मावला आहे आणि त्या ठोकळ्याचा रंग मागच्या दगडाच्या रंगात मिसळून गेला आहे. नातीचा चेहरा पडतो. तिने तर सगळे नियमाप्रमाणे केले होते. मग चुकले कुठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना संगणकाच्या खेळातून थेट बनारसच्या विणकराच्या मागापर्यंत जावे लागते.

ठोकळ्यांचे जग

मुलांच्या तोंडून हे नाव सारखे ऐकणाऱ्या पालकांसाठी थोडी ओळख. 'माइनक्राफ्ट' हा खेळ स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी २००९ मध्ये लोकांसमोर आणला. २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती निघाली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळ व तो बनवणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. या खेळातले सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे असते. माती, दगड, लाकूड, लोकर असे नाना प्रकारचे ठोकळे गोळा करायचे आणि त्यांतून हवे ते बांधायचे. खेळातल्या हिशेबाने प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असतो.

ठोकळे रंगीत असल्यामुळे ते शेजारी शेजारी मांडून चित्र काढण्याची हौस खेळणाऱ्यांना लवकरच सुटली. खेळात नकाशा नावाची एक वस्तू असते. सर्वांत लहान प्रमाणाचा नकाशा १२८ ठोकळे लांब आणि १२८ ठोकळे रुंद एवढी जमीन दाखवतो. तेवढ्या जमिनीवर ठोकळ्यांचे चित्र आडवे मांडले, की नकाशाच्या कागदावर ते लहान होऊन उमटते आणि मग ती चौकट खेळातल्या घराच्या भिंतीवर टांगता येते.

पण १२८ गुणिले १२८ म्हणजे १६,३८४ ठोकळे! सेकंदाला एक ठोकळा ठेवला, तरी साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो. शिवाय कुठे कोणत्या रंगाचा ठोकळा ठेवायचा, हे डोळ्यांनी ठरवणे महाकठीण. इथे 'मॉड' मदतीला येतात. मॉड म्हणजे मूळ खेळाला बाहेरून जोडायचा पूरक प्रोग्राम. अनेक मॉड खेळाच्या हौशी चाहत्यांनीच लिहिलेले असतात. चित्राचे ठोकळ्यांत रूपांतर करणारे साधन छायाचित्र वाचून आराखड्याची फाइल तयार करते. 'लाइटमॅटिका' हा मॉड ती फाइल उघडून खेळाच्या जमिनीवर आराखड्याची अर्धपारदर्शक सावली दाखवतो आणि कोणते ठोकळे किती लागतील याची यादीही देतो. मूल त्या सावलीवर एकेक ठोकळा ठेवत जाते. रांगोळीच्या छाप्यावरून रेघ ओढावी, तसेच हे काम. 'वर्ल्डएडिट'सारखा मॉड असेल, तर तो आराखडा एका आज्ञेसरशी जागेवर चिकटवूनही देतो.

चित्र लहान होते म्हणजे काय होते?

आता नातीचे छायाचित्र घेऊ. ते ४,००० बिंदू रुंद आणि ३,००० बिंदू उंच आहे, म्हणजे त्यात एक कोटी वीस लाख रंगबिंदू आहेत. तिने ते १२८ ठोकळे रुंद आणि ९६ ठोकळे उंच अशा आकारात बसवले. एकूण ठोकळे झाले १२,२८८. याचा अर्थ, छायाचित्रातल्या सुमारे ९७७ बिंदूंच्या वाट्याला एकच ठोकळा आला. साधन त्या सर्व बिंदूंच्या रंगांची सरासरी काढते आणि तो एकच रंग धरून चालते.

छायाचित्रात आजोबांची उंची समजा ३०० बिंदू आहे. मूळच्या सुमारे ३१ बिंदूंना एक ठोकळा, या हिशेबाने आजोबा झाले जेमतेम दहा ठोकळे उंच. त्यांचा चेहरा ४० बिंदूंचा, म्हणजे एका ठोकळ्याहून थोडा मोठा. त्या एका ठोकळ्यात टोपीचा पांढरा, चेहऱ्याचा गव्हाळ आणि मागच्या भिंतीचा वाळूसारखा असे तीन रंग एकत्र कालवले गेले. काशीच्या घाटांचा बराचसा दगड चुनारच्या खाणीतला, फिकट पिवळसर ते तांबूस छटेचा. कालवलेला रंग नेमका त्या दगडासारखाच निघाला आणि आजोबा भिंतीत दिसेनासे झाले.

वाड्याच्या खिडक्यांचेही तेच झाले. एका ठोकळ्याहून अरुंद असलेली खिडकी सरासरीत विरघळली. ज्या खिडक्या योगायोगाने ठोकळ्याच्या चौकटीत बरोबर सापडल्या, त्या उरल्या. म्हणून एका ओळीतल्या खिडक्यांपैकी काही गडद, काही पुसट आणि काही बेपत्ता! पायऱ्यांची तर आणखीच गंमत झाली. एकेका पायरीला एक ठोकळाही वाट्याला येत नसेल, तर पायऱ्यांच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि मुळात नसलेले रुंद पट्टे दिसू लागतात. जवळच्या रत्नेश्वर महादेवाच्या कललेल्या मंदिराचे चित्र कुणी असे केले, तर त्याची तिरकी कडा सरळ उतरणार नाही. ती पाच-सहा ठोकळे सरळ जाईल, मग एक ठोकळा बाजूला सरकेल, पुन्हा सरळ जाईल. चौकोनांच्या राज्यात तिरकी रेघ नेहमी जिन्याच्या रूपानेच येते.

रंग निवडण्याची युक्ती

आकार झाला, की रंगाचा प्रश्न येतो. छायाचित्रात लाखो छटा असू शकतात. खेळात लोकरीच्या ठोकळ्यांचे रंग मोजून १६. काँक्रीटचे १६, भाजल्या मातीचे आणखी काही. साधन प्रत्येक चौकोनाच्या लाल, हिरव्या आणि निळ्या अंशांची तुलना उपलब्ध ठोकळ्यांशी करते आणि सर्वांत जवळचा ठोकळा निवडते.

पण एवढ्याने आकाशाचे ठिगळे पडतात. हळूहळू फिकट होत जाणारा निळा रंग एका जागी तुटून एकदम पांढरा होतो. यावर रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग या दोघांनी १९७६ मध्ये एक सुरेख पद्धत मांडली. तिचा गाभा घरातल्या उधारीच्या वहीसारखा आहे. समजा, आपल्याकडे काळा (०) आणि पांढरा (२५५) असे दोनच ठोकळे आहेत आणि हवी आहे १०० एवढी करडी छटा. १०० हा आकडा काळ्याच्या जवळ, म्हणून काळा ठोकळा ठेवला. पण १०० ची तूट राहिली. ती शेजाऱ्यांत वाटायची. सोळा भागांपैकी सात भाग उजवीकडच्याला, पाच खालच्याला, तीन खाली डावीकडच्याला आणि एक खाली उजवीकडच्याला. उजवीकडचा चौकोनही १०० चाच असेल, तर त्याच्या पदरात जवळपास ४४ ची भर पडते आणि तो १४४ च्या घरात जातो. आता तो पांढऱ्याच्या जवळ, म्हणून पांढरा! अशा रीतीने काळे-पांढरे ठिपके मिसळत जातात आणि लांबून पाहणाऱ्याला करडा रंग दिसतो.

ही युक्ती आकाशाला आणि पाण्याला फार चांगली. पण चेहऱ्याला चारच ठोकळे असतील, तर तिच्यामुळे गालावर तीळ-मीठ शिंपडल्यासारखे दिसते. म्हणून लहान चित्रात ती बंद ठेवलेली बरी. बहुतेक साधनांत तशी सोय असते. आणखी एक काळजी घ्यावी लागते. खेळात वाळूचा ठोकळा आधाराशिवाय राहत नाही, खाली पडतो आणि लोकर आगीने पेट घेते. म्हणून टिकाऊ चित्रासाठी काँक्रीट आणि भाजल्या मातीचे ठोकळे निवडावेत.

हेच काम बनारसच्या मागावर

भोसले घाटावरून गल्ल्या ओलांडून शहरात शिरले, की बनारसी साड्यांचे जग सुरू होते. तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हाच हिशेब करत आले आहेत. चित्रकार आधी वेलबुट्टी कागदावर रेखाटतो. मग ती चौकटीच्या कागदावर उतरवली जाते. कापडात उभे धागे (ताणा) आणि आडवे धागे (बाणा) असतात. कागदावरचा प्रत्येक चौकोन सांगतो, की या जागी जर दिसेल की नाही. या आराखड्यावरून धाग्यांची गुंफण बांधणारा कारागीर म्हणजे नक्शाबंद. त्याने बांधलेला नक्शा मागावर चढवला, की मदतनीस त्याच्या दोऱ्या ओढून नेमके ताण्याचे धागे उचलतो आणि विणकर त्यांखालून जर घालतो.

फ्रान्समधील ल्यों शहराच्या जोसेफ मारी जाकार यांनी १८०४-०५ च्या सुमाराला मदतनिसाचे हे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवले. भोक असेल तिथे धागा उचलायचा, नसेल तिथे नाही. याच मागावर १८३९ मध्ये खुद्द जाकार यांचे रेशमी व्यक्तिचित्र विणले गेले आणि त्यासाठी सुमारे २४,००० पुठ्ठे लागले. गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेज यांनी त्याची एक प्रत आपल्या संग्रही ठेवली होती. संगणकाच्या जन्मकथेत विणकराचा माग येतो, तो असा.

बनारसी जरीकामाला आणि साड्यांना २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण हाताने नक्शा बांधणारे कारागीर फार थोडे उरले. आधी जाकारच्या पुठ्ठ्यांनी आणि नंतर संगणकाने त्यांचे काम घेतले. यात एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नक्शाबंद कधीच सरासरी काढत नव्हता. मोराची मान चार चौकोनांत बसवायची असेल, तर पिसाऱ्याचे तपशील गाळून मानेचा बाक राखायचा, हे तो स्वतः ठरवत असे. ताण्या-बाण्याची दाटी सारखी नसेल, तर कागदावरचा गोल कापडावर चपटा होतो. तेवढे धरून तो चित्र आधीच ताणून घेत असे. येवल्याच्या पैठणीवरचा मोर आणि मुनियाही अशाच जाणीवपूर्वक केलेल्या काटछाटीतून उतरतात. कुठले चौकोन गेले तरी चालतील आणि कुठले गेले तर मोराचा मोर राहणार नाही, हे विणकराला पक्के ठाऊक असते.

संगणकाला ते ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने आजोबांची टोपी आणि भिंतीचा दगड, दोन्ही सारखेच.

मग आजोबा परत कसे आणायचे?

अमेरिकेतील संशोधक लिऑन हार्मन यांनी १९७३ मध्ये अब्राहम लिंकन यांचे मोजक्या चौकोनांत केलेले चित्र प्रसिद्ध केले. जवळून पाहिले, तर नुसते करडे चौकोन. डोळे किलकिले केले किंवा चार पावले मागे सरकले, की लिंकन! म्हणजे चौकोन थोडे असले तरी माणूस ओळखता येतो. अट एवढीच, की ते चौकोन माणसाच्या वाट्याला आले पाहिजेत.

नातीपुढे तीन वाटा होत्या. पहिली, सबंध छायाचित्रच मोठे करायचे. ५१२ ठोकळे रुंद आणि ३८४ उंच केले, तर आजोबा ३८ ठोकळ्यांचे होतात. पण एकूण ठोकळे लागतात १,९६,६०८! सेकंदाला एक, या वेगाने जवळजवळ ५५ तास. सुट्टी तिथेच संपेल.

दुसरी वाट, छायाचित्र कापून घ्यायची. आजोबांच्या भोवतीचा १,२८० बिंदू रुंद आणि ९६० उंच एवढाच भाग ठेवला, तर त्याच १२,२८८ ठोकळ्यांत आजोबा ३० ठोकळे उंच होतात. चेहऱ्याला चार ठोकळ्यांची उंची मिळते. नाक-डोळे तरीही येणार नाहीत, पण टोपी, काठी आणि उभे राहण्याची ढब येईल. मात्र वाड्याचा वरचा भाग, म्हणजे त्या खिडक्या, चित्राबाहेर जातील.

तिसरी वाट नक्शाबंदाची. कापलेल्या चित्राचा आराखडा साधनाने तयार करून घ्यायचा आणि मग हाताने सुधारायचा. टोपीचे ठोकळे कालवलेल्या रंगाचे आले असतील, तर काढून पांढरे ठेवायचे. आजोबांच्या मागची भिंत एक छटा गडद करायची, म्हणजे त्यांची बाह्यरेषा उठून दिसेल. चौकटीच्या वर चार ओळी वाढवून दोन खिडक्या आपल्या हाताने बसवायच्या. छायाचित्रात त्या तिथे नाहीत हे खरे, पण घाट ओळखू येण्यासाठी त्या हव्यात. काय ठेवायचे, हे मात्र नातीने एकटीने ठरवू नये. आजीला विचारावे. ''काठी राहू दे. ती त्यांनी काशीतच घेतली होती,'' असे काहीतरी आजी सांगेल आणि ते कोणत्याही मॉडला सांगता येणार नाही.

पालकांनी एवढे जरूर पाहावे

हे मॉड संगणकावरील 'जावा' आवृत्तीसाठी असतात. मोबाइलवरच्या आवृत्तीत ते चालत नाहीत. मॉड हा अखेर अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम असतो, हे मुलांना समजावून सांगावे. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टचे मॉड मिळणाऱ्या नामवंत ठिकाणांवरही काही मॉडमध्ये 'फ्रॅक्चरायझर' नावाचा घातक प्रोग्राम घुसवला गेला होता आणि तो संगणकातले पासवर्ड चोरत होता. तेव्हा मॉड त्याच्या मूळ, ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्यावा, मोठ्यांच्या देखत घ्यावा आणि ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर शक्यतो घेऊच नये. मॉड बसवण्याआधी मुलाने बांधलेल्या जगाची एक प्रत वेगळी ठेवावी. नाहीतर काही बिघडले, तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत जाते आणि घरात दोन दिवस कुणी धड जेवत नाही.

चित्र रूपांतरित करण्यासाठी घरातल्या माणसांची छायाचित्रे कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर चढवू नयेत. आपल्याच संगणकावर चालणारे साधन वापरावे. आणखी एक गोष्ट काशीपुरती. भोसले घाटापासून मणिकर्णिका फार लांब नाही. तिथे कुणाच्या तरी घरच्या माणसावर अंत्यसंस्कार चालू असतात. त्या चितांची छायाचित्रे काढू नयेत आणि खेळात तर मुळीच आणू नयेत. मुलांना हे एकदा सांगितले, की कळते.

संगणक नसेल, तर चौकटीची वही आणि रंगीत पेन्सिली घेऊनही हे सारे करता येते. छायाचित्रावर पारदर्शक कागद ठेवून चौकोन आखावेत आणि प्रत्येक चौकोनाला एकच रंग द्यावा. मुलाला गणित, चित्रकला आणि धीर या तिन्हींचा सराव एकाच बैठकीत होतो.

आणि ज्या आजीला संगणकातले काही कळत नाही असे घरात म्हटले जाते, तिला हा आराखडा कागदावर छापून द्यावा. मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिचने पोपट आणि 'सुस्वागतम्' भरलेल्या पिढीला चौकोन मोजायला कुणी शिकवण्याची गरज नाही. सबंध चित्राचे १२,२८८ टाके ती घालणार नाही. पण एकट्या आजोबांचा भाग ३० चौकोन उंच आणि १२ रुंद, म्हणजे फार तर ३६० टाके. रोज पन्नास घातले, तर आठवड्याभराचे काम. टोपीसाठी पांढरा दोरा तेवढा आधी आणून ठेवावा.